कमी पडेल तेव्हा कुणाचे कमी करायचे?

जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्या बदलली. तोपर्यंत सेकंदाला किमान ५१२ किलोबिट वेग देणारी जोडणी ब्रॉडबँड ठरत होती. आता ती अट २ मेगाबिटवर गेली. जवळपास चौपट वाढ, तक्रारीचे कारण नाही. मात्र नव्या व्याख्येतही वेग मोजला आहे तो डाउनलोडचा. तुमच्या घरात काय येऊन पडते त्याचा किमान आकडा आहे, तुमच्या घरातून काय बाहेर जाते त्याबद्दल अवाक्षर नाही. क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याचे याने काही बिघडत नाही. व्हिडिओ सभेत मात्र प्रत्येक जण प्रेक्षकही असतो आणि प्रक्षेपकही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बोलणाऱ्याच्या अपलोडमध्ये जे मावले नाही, ते ऐकणाऱ्याच्या घरी कितीही वेगवान फायबर असली तरी पोचत नाही.

‘सर, आवाज तुटतोय’ हे वाक्य २०२० पासून महाराष्ट्रातल्या घराघरांत ऐकू येऊ लागले आणि त्याचे उत्तरही ठरून गेले: ‘तुझे नेट स्लो असेल.’ या उत्तराने चर्चा संपते, म्हणून ते सोयीचे आहे. खरे तर तिथून चर्चा सुरू व्हायला हवी. कुणाचे नेट स्लो? बोलणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे, की मधल्या सर्व्हरचे? आणि स्लो असेल, तर सॉफ्टवेअरने त्यातून आवाज का तोडला, चित्र का नाही तोडले? कुणीतरी कधीतरी तसा नियम लिहिल्याशिवाय हे घडत नाही.

व्हिडिओ सभेतले बँडविड्थचे व्यवस्थापन म्हणजे मूलतः एवढेच: कमी पडेल तेव्हा कुणाचे कमी करायचे हे ठरवणे. सभा चालू असताना हा निर्णय सतत, माणसाच्या नकळत घेतला जात असतो. बंद सॉफ्टवेअर तो घेते आणि कसा घेतला ते सांगत नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरही तो घेते, बहुतेकदा आपल्याला न विचारताच. पण त्याचे नियम लिहिलेले असतात, वाचता येतात आणि पटले नाहीत तर बदलता येतात. ही पुस्तिका त्या नियमांविषयी आहे.

ती कुणासाठी? ज्यांनी स्वतःचा सभा-सर्व्हर उभा केला आहे किंवा करायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. म्हणजे शाळेतले संगणक शिक्षक, पतसंस्थेत हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळणारा एकुलता एक कर्मचारी, ग्रंथालयाचे व्याख्यान गावोगावी पोचवू पाहणारे कार्यकर्ते, आणि परदेशातल्या मराठी मंडळात ‘तेवढे टेक्निकल तू बघ’ म्हणून ज्याच्या गळ्यात काम पडले आहे तो सभासद. या मंडळींना लिनक्सवर एखादे पॅकेज बसवता येते असे मी धरून चाललो आहे. नेटवर्कचे शास्त्र शिकलेले असावे अशी अपेक्षा नाही.

उदाहरणे मुख्यतः जित्सी मीटची आहेत. एमिल इवोव्ह या विद्यार्थ्याने २००३ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात ‘सिप कम्युनिकेटर’ नावाचा प्रकल्प सुरू केला, त्याचेच पुढे जित्सी झाले. २०१५ मध्ये त्यामागची कंपनी अ‍ॅटलासियनने घेतली, २०१८ मध्ये जित्सी एट बाय एट या कंपनीकडे गेले. मालक दोनदा बदलले, प्रोग्राम अपाची परवान्याखाली खुलाच राहिला. मालकांच्या सार्वजनिक सर्व्हरवर २०२३ पासून सभा सुरू करणाऱ्याला लॉगिन करावे लागते. स्वतःच्या सर्व्हरवर काय करायचे ते आपण ठरवतो. दुसरे उदाहरण अधूनमधून येईल ते बिग ब्लू बटनचे. कॅनडात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालेले हे सॉफ्टवेअर आधीपासून वर्गासाठीच घडवलेले आहे, आणि त्यामुळे काही प्रश्न ते जित्सीपेक्षा वेगळ्या रीतीने सोडवते.

आता थोडे गणित. त्याला फाटा देता येणार नाही, कारण या विषयातले जवळजवळ सगळे शहाणपण एका गुणाकारातून आले आहे.

दहा जणांची सभा आहे आणि मध्ये सर्व्हर नाही. प्रत्येकाला आपले चित्र उरलेल्या नऊ जणांकडे वेगवेगळे पाठवावे लागेल. नऊ पट अपलोड! मोबाइलवर बसलेला माणूस तिथेच आटोपला. म्हणून ही पद्धत दोघांच्या संभाषणापुरती चालते. जित्सीही दोघेच असतील तर त्यांना शक्यतो थेट जोडून देते आणि आपला सर्व्हर मोकळा ठेवते. तिसरा आला की सर्व्हर मध्ये येतो. दुसरा मार्ग जुन्या महागड्या कॉन्फरन्स यंत्रांचा: सगळ्यांची चित्रे सर्व्हरने उलगडायची, एका पडद्यावर चिकटवायची आणि तयार चित्र प्रत्येकाला पाठवायचे. यात जोडणीवर ताण कमी, पण सर्व्हरच्या प्रोसेसरचा जीव जातो, आणि कुणाला मोठे पाहायचे हे प्रत्येकाने आपापले ठरवायची सोय राहत नाही.

तिसरा मार्ग आज सर्वत्र रूढ आहे. प्रत्येक जण आपले चित्र एकदाच सर्व्हरकडे पाठवतो, सर्व्हर ते न उलगडता जसेच्या तसे इतरांकडे पुढे ढकलतो. जित्सीत या भागाला व्हिडिओब्रिज म्हणतात; पुढे मी नुसते ‘ब्रिज’ म्हणेन. अपलोडचा प्रश्न सुटला. डाउनलोडचा मात्र उभा राहिला. तीस जणांचा वर्ग घ्या. प्रत्येकाचे ७२० रेषांचे चित्र सेकंदाला दीड मेगाबिटने येते असे समजा. हा जित्सीचाच एक जुना ठरावीक आकडा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे २९ चित्रे, म्हणजे साडेत्रेचाळीस मेगाबिट. ब्रिजमधून बाहेर पडणारा एकूण ओघ १,३०५ मेगाबिट. एका वर्गासाठी! त्याच सर्व्हरवर दुसरा वर्ग सुरू करण्याचा विचारही नको.

हेच चित्र १८० रेषांचे, २०० किलोबिटचे घेतले तर प्रत्येकाकडे ५.८ मेगाबिट जातात आणि ब्रिजमधून १७४. सरकारी व्याख्येतली २ मेगाबिटची जोडणी अजूनही बाहेरच राहिली. म्हणजे नुसते सगळे लहान करून भागत नाही. कुणाचे मोठे, कुणाचे लहान आणि कुणाचे पाठवायचेच नाही, असे तिहेरी ठरवावे लागते.

ही कल्पना आजची नाही. मार्च १९९२ मध्ये इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या आयईटीएफची बैठक सान दिएगोला भरली होती, तेव्हा तिथला आवाज इंटरनेटवरून दूरच्या श्रोत्यांपर्यंत थेट पोचवण्यात आला. एमबोन नावाचे प्रायोगिक जाळे त्यातून उभे राहिले. त्या जाळ्यावर व्हिडिओसाठी जे साधन लोकप्रिय झाले ते ‘विक’, स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी लिहिलेले, स्रोतासकट खुले. १९९६ मध्ये याच दोघांनी मार्टिन व्हेटर्ली यांच्याबरोबर एक शोधनिबंध लिहिला. चित्राचे थर करा, खालचा थर धूसर, वरचा प्रत्येक थर थोडी स्पष्टता वाढवणारा, आणि ज्याची जोडणी जेवढी सोसेल तेवढेच थर त्याने उचलावेत. कोणते चित्र पाठवायचे हे पाठवणाऱ्याने एकट्याने ठरवू नये, घेणाऱ्याच्या कुवतीने ठरावे, हा विचार तिथे इतक्या स्वच्छपणे मांडला आहे की आजच्या ब्रिजचे काम समजून घ्यायला तो निबंध अजूनही उपयोगी पडतो.

आज ब्राउझरमध्ये हे कसे उतरले? २०११ मध्ये गूगलने वेबआरटीसी खुले केले आणि कुठलेही वेगळे सॉफ्टवेअर न बसवता ब्राउझरमधून सभा घेणे शक्य झाले. थरांऐवजी तिथे आधी एक रांगडी युक्ती रुळली: सायमलकास्ट. तुमचा संगणक एकाच चेहऱ्याच्या तीन प्रती बनवतो, १८० रेषांची, ३६० रेषांची आणि ७२० रेषांची. व्हीपी८ या कोडेकसाठी, म्हणजे चित्र आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीसाठी, जित्सीच्या ठरावीक मर्यादा अनुक्रमे २००, ५०० आणि १,५०० किलोबिट आहेत. तिन्ही प्रती ब्रिजकडे जातात आणि ब्रिज ज्याला जी झेपेल ती देतो. शिवाय प्रत्येक प्रतीत वेगाचेही टप्पे असतात: सेकंदाला साडेसात, पंधरा किंवा तीस चित्रे. म्हणजे ब्रिजच्या हाती प्रत्येक माणसामागे नऊ पर्याय आले.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल: तीन प्रती म्हणजे अपलोड वाढलाच की! खरे आहे. आकडे मिळवले तर २.२ मेगाबिट होतात, आणि अपलोडच्याच तुटवड्यापासून आपण सुरुवात केली होती. यावर जित्सीचा उपाय असा: तुम्हाला मोठ्या चौकटीत कुणीच पाहत नसेल तर ब्रिज तुमच्या ब्राउझरला तसे कळवतो, आणि ब्राउझर मोठी प्रत बनवणेच थांबवतो. तीस जणांच्या वर्गात गप्प बसलेल्या मुलाच्या फोनवरून मग २०० किलोबिटची एकच प्रत निघते. डेटा वाचतो, बॅटरी वाचते, फोन तापत नाही. ही सोय बंद पडलेली असेल तर बाकी काहीही केले तरी उपयोग नाही, असे मी म्हणेन.

प्रत्येकाला किती झेपते, हे ब्रिजला कळते कसे? विचारून कळत नाही. मोबाइलच्या जोडणीचा वेग तर माणूस खिडकीपासून आत सरकला तरी बदलतो. अंदाजच करावा लागतो आणि तो सतत दुरुस्त करावा लागतो. इथे पुन्हा व्हॅन जेकबसन येतात. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलीची लॉरेन्स प्रयोगशाळा आणि शेजारचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातला इंटरनेटचा वेग ३२ किलोबिटवरून सेकंदाला ४० बिटवर कोसळला. दोन जागांमधले अंतर चारशे यार्ड. चिठ्ठी हातात घेऊन चालत गेले असते तर लवकर पोचली असती. कारण असे की पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, हरवले की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवी, त्याने गर्दी वाढे, आणखी पॅकेटे हरवत, ती पुन्हा पाठवली जात. जेकबसन यांनी सुचवलेला इलाज, गर्दीची चाहूल लागताच प्रत्येकाने आपण होऊन हात आखडता घ्यायचा, हा आजही इंटरनेटचा कणा आहे.

पण पॅकेट हरवेपर्यंत थांबणे सभेला परवडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बोलणे बहुधा सहज चालते. तो फार वाढला की दोघे एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकू लागतात. म्हणून वेबआरटीसीतली गूगलची पद्धत हरवण्याआधीच्या लक्षणाकडे पाहते. दोन पॅकेटे पाच मिलिसेकंदांच्या अंतराने सोडली आणि पलीकडे ती सात मिलिसेकंदांच्या अंतराने पोचू लागली, तर मध्ये कुठेतरी रांग साचते आहे. असे दिसताच पाठवण्याचा वेग, प्रत्यक्ष पोचत असलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर आणला जातो. हरवण्याचाही हिशेब असतोच: २ टक्क्यांखाली असेल तर हळूहळू वाढवा, १० टक्क्यांवर गेला तर कमी करा, मध्ये असेल तर आहे तसे चालू द्या.

ही रांग बहुतेकदा साचते ती आपल्याच घरातल्या राउटरमध्ये. धाकट्याचा फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवू लागला की राउटर बिचारा एकही पॅकेट न टाकता सगळी साठवून ठेवतो आणि आईच्या मीटिंगचा आवाज दीड सेकंद मागे पडतो. जिम गेटिस यांनी या रोगाकडे २०१० च्या सुमारास लक्ष वेधले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि (तिसऱ्यांदा) जेकबसन यांनी कोडेल ही उपाययोजना मांडली. ओपनडब्ल्यूआरटीसारखे खुले सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर तिचे सुधारलेले रूप मिळते. सर्व्हर मोठा घेण्यासाठी देणगी गोळा करणाऱ्या संस्थांना माझे सांगणे असते की आधी कार्यालयाचा राउटर बघा. फार जणांना ते पटत नाही, कारण राउटरवर देणगीदाराचे नाव लावता येत नाही.

अंदाज आला. आता वाटप, आणि मला या पुस्तिकेत सर्वांत जास्त रस आहे तो इथे.

जित्सीचा ब्रिज प्रत्येक घेणाऱ्यासाठी एक यादी करतो. त्याने कुणाला मोठ्या चौकटीत ठेवले आहे, कोण नुकते बोलले, कोण त्याआधी. मग उपलब्ध बँडविड्थ त्या क्रमाने खर्ची पडते. मोठ्या चौकटीतल्या माणसाला आधी ३६० रेषा आणि सेकंदाला तीस चित्रे मिळवून द्यायची. तोपर्यंत बाकीच्यांनी थांबायचे. ते झाले की लहान चौकटींना १८० रेषांपर्यंत पायरीपायरीने द्यायचे. शिल्लक राहिली तर मोठ्या चौकटीची स्पष्टता आणखी वाढवायची. यादीच्या शेवटी असलेल्यांच्या वाट्याला काही उरले नाही तर त्यांचे चित्र जातच नाही. अंदाज १५ टक्क्यांपेक्षा कमी हलला तर वाटप पुन्हा करायचे नाही, नाहीतर चौकटी सारख्या उघडझाप करतील. हे ३६०, १८०, १५ आकडे कुठल्या निसर्गनियमाने आलेले नाहीत. ब्रिजच्या सेटिंगच्या फायलीत ते साध्या ओळींत लिहिलेले आहेत. त्याच फायलीत एक ओळ अशीही आहे की बँडविड्थच्या अंदाजावर विश्वास ठेवायचा की नाही! मी ती कधी बंद करत नाही, पण ती तिथे आहे याचे मला समाधान वाटते.

यादीचा क्रम मात्र आवाजावर ठरतो. जित्सीच्या चमूने २०१५ मध्ये ‘लास्ट एन’ नावाची पद्धत शोधनिबंधातून मांडली. एन म्हणजे आपण ठरवू तो आकडा. तो पाच ठेवला तर शेवटी बोललेल्या पाच जणांचीच चित्रे पुढे पाठवली जातात. सहावा बोलला की तो आत येतो आणि सर्वांत जास्त वेळ गप्प असलेला बाहेर जातो. तीस जणांच्या त्याच वर्गात शिक्षकांचे चित्र ५०० किलोबिटने आणि इतर चौघांचे २०० किलोबिटने पाठवले, तर प्रत्येकाकडे १.३ मेगाबिट जातात. आता २ मेगाबिटची जोडणी आत आली. ब्रिजमधून जाणारा ओघ १,३०५ वरून ३९ मेगाबिटवर उतरला. एका आकड्याने एवढे साधले.

कोण बोलतो आहे हे ठरवायला ब्रिज कुणाचे बोलणे ऐकत नाही. प्रत्येक आवाजाच्या पॅकेटच्या मथळ्यात आवाजाची पातळी एका आकड्यात लिहिलेली असते, तेवढी तो वाचतो. त्यावर जी पद्धत चालते ती हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या इलाना व्होल्फिन आणि इस्राएल कोहेन यांची. क्षणाचा आवाज, थोड्या वेळचा आवाज आणि बऱ्याच वेळचा आवाज अशा तीन खिडक्यांतून ती एकाच वेळी पाहते, म्हणून कुणी खोकला किंवा कुकरची शिट्टी झाली की लगेच त्याला वक्ता ठरवत नाही. मोठी हुशार पद्धत आहे.

तरीही ती पद्धत आवाजाला मान देते, आणि सगळे माणूसपण आवाजात नसते. वर्गात हात वर करून गप्प बसलेली मुलगी यादीत मागे राहते. ग्रामसभेत एकच माणूस तावातावाने बोलत राहिला तर बाकीच्यांचे चेहरे हळूहळू दिसेनासे होतात आणि सभेला तो एकटाच आला होता असे वाटू लागते. सर्वांत मोठी अडचण कर्णबधिरांची. खुणांच्या भाषेत बोलणारा माणूस या हिशेबात कायमचा गप्प आहे. त्याला मोठ्या चौकटीत पिन करून ठेवावे लागते, आणि तेही पुरत नाही: बँडविड्थ कमी पडताच सेकंदाला साडेसात चित्रांवर घसरण झाली तर चेहरा स्पष्ट दिसूनही हातांच्या खुणा वाचता येत नाहीत. त्याला रेषा कमी चालतील, वेग कमी चालत नाही. उलट, शिक्षक पडद्यावर गणित दाखवत असतील तर सेकंदाला पाच चित्रे पुष्कळ झाली, अक्षर मात्र धूसर होता कामा नये. म्हणून पडदा दाखवताना जित्सी ठरावीक वेग पाचच ठेवते. सर्वांसाठी योग्य असा एकच आकडा या विषयात मिळत नाही. कोणती सभा, हे आधी सांगावे लागते. अशा सभांसाठी वेगवेगळी सेटिंग पुढच्या प्रकरणांत दिली आहेत, आणि खुणांच्या भाषेच्या सभेसाठी एक पूर्ण प्रकरण राखले आहे.

आवाजाचे थोडक्यात सांगतो, कारण तिथे भांडण कमी आहे. २०१२ मध्ये मानक ठरलेला ओपस हा कोडेक सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत काहीही सोसतो, आणि मुक्त आहे. बोलण्यासाठी ३०-४० किलोबिट भरपूर. गंमत अशी की आवाजाचे पॅकेट साधारणतः दर २० मिलिसेकंदांना निघते, म्हणजे सेकंदाला ५०, आणि प्रत्येकावर पत्त्याचे निदान ४० बाइट चढतात. नुसत्या पत्त्यांचाच खर्च १६ किलोबिट झाला! म्हणून आवाजाचा बिटरेट फार खाली खेचण्यात हशील नाही. पाकिटाचे वजन पत्रापेक्षा जास्त होते. गाण्याच्या शिकवणीसाठी बिटरेट वाढवा, पण आधी आवाज स्वच्छ करण्याची सोय बंद करा, नाहीतर ती तानपुऱ्याचा अखंड सूर गोंगाट समजून पुसून टाकते. मोठ्या सभेत फक्त तीन सर्वांत मोठे आवाजच पुढे पाठवावेत अशी एक सोय जित्सीच्या ब्रिजमध्ये आहे. ती मुळात बंद असते आणि शंभराच्या वरची सभा नसेल तर बंदच राहू द्यावी. बिग ब्लू बटन हा प्रश्नच येऊ देत नाही: ते सगळे आवाज सर्व्हरवर एकत्र करून प्रत्येकाला एकच धारा देते, आणि चित्रे तेवढी वेगळी पाठवते. कॅमेऱ्यांची पाने पाडून एका वेळी थोडेच दाखवण्याची त्याची पद्धतही वर्गासाठी मला जित्सीच्या लास्ट एनपेक्षा न्याय्य वाटते, कारण तिथे गप्प मुलाचे पानही उलटून पाहता येते.

पैशाचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दिवसाला दीड जीबीचा प्रीपेड पॅक घेतलेल्या घरात १.३ मेगाबिटचा वर्ग तासाला ५८५ एमबी खातो. अडीच तासांत दिवसाचा डेटा संपला. हेच फक्त आवाज ठेवला आणि पत्त्यांसकट ५० किलोबिट धरले तर तासाला साडेबावीस एमबी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भारतातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवरच्या चित्रांची मर्यादा काही काळ ४८० रेषांवर आणायचे ठरवले होते. जाळ्यावरचा ताण हे त्याचे कारण होते. शाळांच्या सभांचा भार मात्र पडला तो पालकांच्या रिचार्जवर. सर्व्हरच्या बाजूला, क्लाउडवाले बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लावतात. ३९ मेगाबिटचा एक तास म्हणजे साधारण साडेसतरा जीबी. सहा तासिका म्हणजे शंभराच्या पुढे. हा आकडा संस्थेच्या खजिनदाराला आधी दाखवावा.

यावर एक झटपट उपाय सगळीकडे सांगितला जातो: कॅमेरे बंद ठेवा. मला तो आळशीपणा वाटतो. बंद कॅमेऱ्यांच्या वर्गात शिकवणारी व्यक्ती भिंतीशी बोलते आणि तिला ते कळते. त्याऐवजी लहान चित्र, मोजका एन आणि न पाहिलेली प्रत न बनवणे, या तिन्हींची जोड दिली तर बहुतेक चेहरे राहतात. बघणाऱ्यांच्या सवयीही बदलाव्या लागतात. सगळे चेहरे चौकोनांत मांडून पाहण्याची हौस महाग आहे: पंचवीस चौकटींत चोवीस जणांची लहान चित्रेसुद्धा ४.८ मेगाबिट होतात. आणि कार्यालयाच्या फायरवॉलने ब्रिजचा १०००० क्रमांकाचा यूडीपी पोर्ट अडवला असेल तर सगळे टीसीपीच्या वाटेने जाते. तिथे हरवलेले पॅकेट पुन्हा येईपर्यंत मागची सगळी अडून बसतात. अशा ठिकाणी बिटरेटशी झटत बसू नका. फायरवॉल सांभाळणाऱ्याला फोन करा.

नव्या कोडेकांबद्दल पुस्तिकेत कमी आहे. एव्ही१ तेवढ्याच बिटांत अधिक चांगले चित्र देतो, आणि थरांची जुनी कल्पना त्यात खऱ्या अर्थाने उतरली आहे. पण ते चित्र बनवायला प्रोसेसर लागतो, आणि आपल्या सभांना लोक बसतात ते चार-पाच वर्षांच्या फोनवरून. फोन बदलतील तसे ते प्रकरण वाढवता येईल.

पहिल्या प्रकरणात एकही सेटिंग बदलायचे नाही. चालू सभेत प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात सिग्नलच्या रेषांची खूण असते, तिच्यावर दाबले की बिटरेट, हरवलेली पॅकेटे आणि चित्राच्या रेषा दिसतात. जाणारे आणि येणारे असे दोन आकडे वेगळे असतात; दोन्ही लिहून घ्या. सकाळच्या सभेतले घ्या, रात्री नऊच्या सभेतलेही घ्या. शहरातल्या एकाचे आणि गावातल्या एकाचे घ्या. वहीत एवढे आले की दुसऱ्या प्रकरणातला पहिला बदल करायला हरकत नाही, आणि तो झाल्यावर हेच आकडे पुन्हा घ्यायचे आहेत.